गौतमपेक्षा फ्लॅट बरा

वाईट सिनेमाचा मला राग येत नाही. बाहेर यायचं, ‘पैसे पाण्यात’ म्हणायचं, कोपऱ्यावर भेळ खायची. भेळ संपेपर्यंत नायकाचं नावही विसरलेलं असतं. राग येतो तो मध्यंतरापर्यंत चांगल्या असलेल्या सिनेमाचा. ‘कॉकटेल’वर माझा असा जुना राग आहे. जुलै २०१२ मध्ये आलेला हा सिनेमा. दोन मैत्रिणी, एक पुरुष, लंडन शहर आणि प्रीतमचं संगीत. चालला झकास. त्यातली गाणी पुढे कितीतरी वरातींमध्ये बँडवाल्यांनी वाजवली. तो टीव्हीवर लागला की मी आजही समोर बसते, आणि अर्ध्यावर पाय आपटत उठते. घरचे म्हणतात, मग बघतेस कशाला? बघते, कारण त्या अर्ध्या भागात आपल्या सिनेमात सहसा न दिसणारी एक गोष्ट आहे: दोन बायकांनी मिळून केलेलं घर.

अपेक्षा ठेवायला जागा होती. दिग्दर्शक होमी अदजानिया. त्याचा पहिला सिनेमा ‘बीइंग सायरस’ बेरकी होता, पात्रांना उगाच गोडगोड न करणारा. पटकथेवर नाव इम्तियाज अलीचं, त्याचा भाऊ साजिद अली याच्या जोडीनं. म्हणजे ‘जब वी मेट’मधली गीत ज्यानं लिहिली, तो माणूस. मुलीला भरपूर बोलू द्यावं, चुकू द्यावं, तरी तिची कीव करू नये, हे ज्याला जमलं होतं, त्याच्याकडून दोन मुलींची गोष्ट बिघडेल असं कुणाला वाटणार?

गोष्ट थोडक्यात अशी. मीरा दिल्लीहून लंडनला नवऱ्याकडे येते. नवरा तोंडावर सांगतो की लग्न पैशासाठी केलं होतं, आता चालती हो. परक्या शहरात एका वॉशरूममध्ये ती रडत असताना तिला व्हेरोनिका भेटते. श्रीमंत बापाची, रात्रभर नाचणारी, दारूला आणि पुरुषांना नाही न म्हणणारी. ओळख ना पाळख, व्हेरोनिका तिला सरळ आपल्या फ्लॅटवर घेऊन जाते. पुढे दोघी एकत्र राहतात. एक देवभोळी, सलवार-कमीजमधली, हळू बोलणारी. दुसरी पहाटे अडखळत घरी येणारी. एकमेकींना सुधारायच्या भानगडीत त्या पडत नाहीत. व्हेरोनिकाला आईबापांनी जे दिलं नाही ते मीरा देते आणि मीराला नवऱ्यानं जे नाकारलं ते व्हेरोनिका देते. हे सगळं भाषण न ठोकता, हसतखेळत दाखवलंय. दीपिका पदुकोणचा खिदळण्यातला मोकळेपणा आणि डायना पेंटीचं पहिल्याच सिनेमातलं थोडं अवघडलेपण एकमेकांना शोभतं.

आणि मग येतो गौतम कपूर. सॉफ्टवेअरवाला, दिल्लीचा, दिसेल त्या मुलीच्या मागे लागणारा. ही भूमिका बेचाळिशीच्या उंबरठ्यावरच्या सैफ अली खाननं केली होती. दीपिका तेव्हा सव्वीस वर्षांची. सिनेमाच्या निर्मात्यांपैकी एक सैफच होता, त्यामुळे दोन्ही मुली शेवटी कुणाच्या प्रेमात पडणार याबद्दल फार उत्कंठा बाळगायचं कारण नव्हतं. गौतम आधी व्हेरोनिकाचा मित्र होऊन त्याच फ्लॅटवर मुक्कामाला येतो. इथपर्यंतही चालतं. तिघांचं ते भाडेकरू-कुटुंब मजेदार वाटतं.

घोळ होतो आई आल्यावर. गौतमची आई (डिंपल कपाडिया, जिला पडद्यावर बघून मला नेहमी बरं वाटतं) मुलासाठी सून शोधत लंडनला थडकते. व्हेरोनिका काही आईला दाखवण्यासारखी नाही, म्हणून गौतम थाप मारतो की मीराच माझी होणारी बायको. रोमँटिक कॉमेडीत थाप मारणं हा उत्तम कच्चा माल. ऑस्कर वाइल्डपासून वसंत सबनीसांपर्यंत सगळ्यांनी थापेवर घरं बांधली. पण थाप विनोदी राहायला ती सगळ्यांच्या अंगलट यावी लागते. इथे ती एकटीच्याच अंगलट येते. थाप ऐकून व्हेरोनिकाला कळतं की आपण ‘तसल्या’ आहोत, आपल्याला घरात नेत नाहीत. आणि ती काय करते? सलवार-कमीज घालते, स्वयंपाकघरात शिरते, मी चांगली सून होऊन दाखवीन म्हणते. तोवर गौतम आणि मीरा केप टाऊनच्या समुद्रकिनाऱ्यावर एकमेकांच्या प्रेमात पडून मोकळे झालेले असतात.

त्या सलवार-कमीजकडे बघताना मला हटकून ‘कुछ कुछ होता है’मधलं बास्केटबॉल आठवतं. करण जोहरच्या १९९८च्या त्या सिनेमात कॉलेजातली अंजली, आखूड केसांची, ट्रॅकसूटमधली, राहुलला खेळात हरवते; राहुल मात्र टीनाकडे बघतो. काही वर्षांनी हीच अंजली लांब केस आणि साडी घेऊन परत येते, साडीत बास्केटबॉल खेळते, हरते, आणि तेव्हा कुठे राहुलला ती दिसते. टीनाचं तर विचारूच नका. ती मैत्रिणीच्या वाटेतून बाजूला होते ती थेट मरून, आणि जाताना लेकीच्या आठव्या वाढदिवसाला वाचायचं पत्र लिहून ठेवते, ज्यात राहुलचं दुसरं लग्न जुळवायची जबाबदारी त्या पोरीवर टाकलेली असते. मेल्यावरही बाईला नवऱ्याच्या सोयीतून सुटका नाही. अख्ख्या देशानं हा सिनेमा रडत-हसत पाहिला. मीही पाहिला. तेव्हा मला तो आवडला होता आणि शाहरुख अजूनही आवडतो. तो मुद्दा वेगळा.

या सगळ्या त्रिकोणांमध्ये एक गंमत मात्र पुन्हा पुन्हा दिसते. हरणारी मुलगी जिंकणारीपेक्षा जास्त जिवंत असते. ‘दिल तो पागल है’मध्ये राहुल पूजाला मिळतो, पण लक्षात राहते ती निशा. पाय दुखावला म्हणून नाटकातली जागाही गमावलेली, आणि राहुललाही गमावलेली. माधुरी दीक्षितसमोर उभं राहून करिश्मा कपूरनं त्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. ‘कॉकटेल’चंही तसंच. दीपिकाकडे आधी मीराची भूमिका आली होती, व्हेरोनिका वाचून बघ असं इम्तियाजनं सुचवलं, हे तिनं मुलाखतींमध्ये सांगितलंय. तिनं वाचली, घेतली, आणि तोवर ‘दिसायला छान’ एवढ्यावर जिची बोळवण होत होती तिला लोक नटी म्हणून बघू लागले. गौतम मीराला मिळाला, सिनेमा व्हेरोनिकाला.

असं का होत असावं? मला वाटतं, जिंकणाऱ्या मुलीला लेखक आधी ‘पात्र’ ठरवतो. ती समजूतदार, सोशिक, मैत्रिणीसाठी एक पाऊल मागे घेणारी असते. तिला हेवा वाटत नाही, भूक लागत नाही, राग आला तरी आवाज चढत नाही. एकदा गुणपत्रिका भरून झाली की माणूस उरत नाही. हरणारीला मात्र काहीही करायची परवानगी असते, कारण तिचा निकाल लागलेलाच असतो. ती पिऊन नाचते, किंचाळते, क्लबमध्ये मीराला सगळ्यांसमोर नको ते बोलते. ‘कॉकटेल’मधला तो प्रसंग बघताना पोटात तुटतं. व्हेरोनिका आधी मोठ्या मनानं ‘ठीक आहे’ म्हणते आणि मग काही वेळातच तिचं ते ‘ठीक आहे’ कोसळतं. तिला पुरुष गेल्याचं दुःख आहेच, पण आपलं घर गेलं, हे जास्त लागलंय. ज्या बाईला तिनं रडताना उचलून आणलं, तीच आता घर घेऊन चालली आहे. इथे पटकथेच्या हातात सोनं होतं.

पटकथेनं काय केलं? व्हेरोनिकाला गाडीची धडक दिली. हॉस्पिटल, गौतमची सेवा, व्हेरोनिकाला उपरती, मग तिनेच पुढाकार घेऊन दिल्लीपर्यंत जाऊन मीराला शोधणं आणि दोघांना जुळवून देणं. म्हणजे पहिल्या तासात जी मैत्रिणीसाठी दार उघडते, ती शेवटी मैत्रिणीचं लग्न लावून देणारी वाङ्‌निश्चयातली मावशी होते. दोन मैत्रिणींचं एकमेकींशी जे बोलणं व्हायला हवं होतं, तू मला आधी का सांगितलं नाहीस, मी तुझ्यावर चिडले ते त्याच्यामुळे की तुझ्यामुळे, ते होतच नाही. अपघातानं त्यांचं भांडण मिटवलं. अपघात झालेल्या माणसाशी कोण भांडणार!

हा रोग काही फक्त आपला नाही. ‘कॉकटेल’च्या आदल्या वर्षी अमेरिकेत ‘समथिंग बॉरोड’ आला होता, एमिली गिफिनच्या कादंबरीवरून. न्यूयॉर्कमधली वकील रेचेल आणि तिची बालमैत्रीण डार्सी. कॉलेजात रेचेलला डेक्स आवडायचा, तिनं तोंड उघडलं नाही आणि वर डार्सीशी त्याची गाठ घालून दिली. तिसाव्या वाढदिवसाच्या रात्री लग्न ठरलेला डेक्स आणि रेचेल एकत्र येतात, आणि उरलेला सिनेमा कुणी कुणाला काय कसं सांगायचं यात जातो. समीक्षकांनी त्याला चांगलाच झोडपला. केट हडसननं साकारलेली डार्सी इतकी आत्मकेंद्री लिहिली आहे की रेचेलनं तिच्याशी मैत्री तरी का ठेवली, असा प्रश्न पडतो. म्हणजे ‘कॉकटेल’च्या उलटी चूक. तिकडे मैत्री रंगवून तिचा निकाल चुकवला, इकडे मैत्री पटवलीच नाही. सिनेमात दोघी मैत्रिणी शाळेच्या दिवसांतला एक नाच पुन्हा करतात, तेवढीच काही मिनिटं त्यांचं नातं खरं वाटतं. डेक्सबद्दल काय सांगावं? देखणा आहे. ठरवता येत नाही त्याला काही. त्याच्यासाठी दोघी इतकी वर्षं जीव टाकतात हे बघून जॉन क्रासिन्स्कीनं केलेला त्यांचा मित्र वैतागतो, आणि प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाच्या वतीनं वैतागतो.

पुरुष मित्रांच्या त्रिकोणाचा इतिहास फार वेगळा नव्हता, फक्त त्यात मरण जास्त होतं. ‘चौदहवीं का चाँद’मध्ये लखनौचा नवाब मित्राच्या वाटेतून बाजूला व्हायला हिरा गिळतो. ‘संगम’मध्ये गोपाळ स्वतःवर गोळी झाडतो. दोन्हीकडे बाईला कुणी विचारत नाही. ती जणू बापजाद्यांची जमीन, भावाभावांत समजुतीनं सोडून द्यायची. पण पुढे पुरुषांच्या वाट्याला विनोद आला, आणि तो आणला एका मराठी बाईनं.

सई परांजपे यांचा ‘चश्मे बद्दूर’ १९८१ चा. दिल्लीतल्या एका खोलीत राहणारे तीन मित्र, एक सिगारेट तिघांत फिरवणारे. पानवाल्या लल्लन मियाँची उधारी वाढत चाललेली. ओमी आणि जोमो नेहाच्या मागे लागतात, दोघंही सपशेल आपटतात, आणि घरी येऊन तिला कसं जिंकलं याच्या फुशारक्या मारतात. त्या फुशारक्या सईबाईंनी हिंदी सिनेमातल्या गाण्यांची टर उडवत दाखवल्या. मग कळतं की सरळमार्गी सिद्धार्थ खरोखरच तिच्या प्रेमात आहे. मत्सरानं दोघं त्याचं जुळलेलं मोडतात आणि नंतर पस्तावून सांधायला धावतात, तेही एक बनावट अपहरण रचून, जे अर्थातच हाताबाहेर जातं. दोघं नालायकपणा करतात, पण सिनेमा त्यांना दूर लोटत नाही. नेहाही कुणी वाटून घ्यायची वस्तू नाही. ती दारोदार ‘चमको’ पावडर विकते, स्वतः कमावते, आणि तिला कोण आवडतं हे तिचं ती ठरवते. सिनेमा संपतो तेव्हा मैत्री आणि प्रेम दोन्ही जागेवर असतं. खोलीही जागेवर असते.

२०१३ साली डेव्हिड धवननं याच गोष्टीला गोव्यात नेऊन भडक रंग दिला, आणि नवा सिनेमा आला त्याच दिवशी, ५ एप्रिलला, जुनाही डागडुजी करून पुन्हा प्रदर्शित झाला. दोन्ही शेजारी ठेवून बघायची अशी संधी सहसा मिळत नाही. नव्यात विनोद जास्त आहेत, हसू कमी. नव्यातल्या मित्रांच्या लबाडीला खोलीचा, उधारीचा, सामायिक सिगारेटचा आधार नाही. त्यांचं एकत्र राहणं फक्त सांगितलंय. जुन्यात ते दिसतं.

हाच फरक मला ‘कॉकटेल’च्या दोन अर्ध्या भागांमध्ये दिसतो. आणि एक गोष्ट सलते. ओमी आणि जोमोला मूर्खपणा माफ आहे. थापा मारल्या, मैत्रीला दगा दिला, तरी सिनेमा त्यांच्याकडे हसून बघतो, पोरं आहेत म्हणतो. व्हेरोनिकाचा मूर्खपणा मात्र गाडीखाली जातो. बायकांना वेडेपणा करायची मुभा दिल्याशिवाय बायकांची कॉमेडी होत नाही; मग उरतो तो अश्रूंचा कार्यक्रम, मध्ये दोन गाणी घालून. हॉलिवूडमध्ये १९९६ साली आलेल्या ‘द ट्रुथ अबाउट कॅट्स अँड डॉग्ज’नं ही मुभा दिली होती. रेडिओवर प्राण्यांबद्दल सल्ला देणारी बुटकीशी डॉक्टर ॲबी, आवाजाच्या प्रेमात पडलेल्या पुरुषासमोर शेजारच्या देखण्या मॉडेलला आपल्या नावानं उभी करते. दोघी मिळून खोटं बोलतात, दोघी मिळून फसतात. त्यातला पुरुष भलता साधा आहे, पण बिघडत नाही, कारण सिनेमाला या दोघींमध्ये रस आहे. उमा थर्मन आणि जनीन गराफलो एकमेकींशी बोलताना जितक्या खुलतात तितक्या त्याच्याशी बोलताना खुलत नाहीत.

मी नोकरीला लागल्यावर काही वर्षं पुण्यात कर्वेनगरला एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते. ती सांगलीकडची, बोलायला फटकळ, स्वयंपाकात हुशार. आमची भांडणं कडाक्याची व्हायची. गिझर आधी कुणी लावायचा, सिलेंडर संपला तेव्हा नंबर कुणी लावायचा, मावशी आल्या नाहीत तर भांडी कुणाची. एकदा ती माझा स्वेटर न विचारता घालून गेली आणि मी तिच्याशी अबोला धरला. घरमालकांनी डिपॉझिट परत देताना कापाकापी केली, तो हिशोब दोघींत कसा वाटायचा यावरून झालेला तंटा आठवला तर आजही मान गरम होते. मैत्री खरोखर तुटायच्या बेतात आली ती अशा वेळी. पुरुषावरून कधी नाही.

तशी वेळ आली नव्हती असंही नाही. वरच्या मजल्यावर सीए करणारा एक मुलगा राहायचा. किल्ली आमच्याकडे ठेवायचा आणि संध्याकाळी घ्यायला यायचा. त्या सुमाराला आम्ही दोघी केस विंचरून बसायला लागलो आहोत हे आधी तिच्या लक्षात आलं. ‘अगं, तू पण?’ म्हणाली. मी नाही म्हणाले. ती म्हणाली, ‘मग पावडर कुणासाठी लावलीस, गिझरसाठी?’ पुढे कितीतरी दिवस बेल वाजली की दार उघडायला कोण धावतं यावर आमची चुरस लागायची, आणि दार उघडणारी आत येऊन तो काय बोलला याची नक्कल करून दाखवायची. दोघींच्या नकला भिन्न असायच्या, ओमी-जोमोच्या फुशारक्यांसारख्याच. एका शनिवारी तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. जळगावला साखरपुडा होता त्याचा. आम्ही अभिनंदन केलं, दार लावलं, एकमेकींकडे बघितलं आणि खाली बसून हसत सुटलो. रात्री जेवण केलं नाही, पेढेच खाल्ले.

या गोष्टीत अपघात नाही, त्याग नाही, विमानतळ नाही. तरी सिनेमा लिहायला बसणाऱ्याला यात भरपूर सापडेल. दार उघडायला धावणाऱ्या दोघी, आत येऊन होणाऱ्या नकला, हेवा आणि हसू एकाच खोलीत. ‘कॉकटेल’वाल्यांकडे हे सगळं होतं: तो फ्लॅट, त्या दोघी, दीपिकाचं ते खिदळणं. ते सोडून ते गौतमच्या मागे धावले. गौतम कुणाला मिळाला यात मला आजही रस नाही. मीरा निघून गेल्यावर त्या फ्लॅटमध्ये व्हेरोनिका एकटी कशी राहिली, हे मला बघायचं होतं, आणि ते त्यांनी हॉस्पिटलच्या खाटेवर उरकलं.

तेव्हा ‘कॉकटेल’ लागला तर जरूर बसा. गौतमची आई आली तरी बसा, डिंपलसाठी. केप टाऊन आलं की टीव्ही बंद करा, फार काही चुकणार नाही. आणि ‘चश्मे बद्दूर’ लागला तर शेवटपर्यंत बघा. सईबाईंचाच, गोव्याचा नव्हे.